माझ्या केसपेपरची मागची बाजू

मी डॉक्टरला फसवलं. डॉक्टरने मला फसवलं. आणि आम्हा दोघांच्या या व्यवहारात माझी बायको शोभा फसली, जिने जन्मात कोणाला फसवलं नव्हतं. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे वाचताना मी स्वतःची बाजू सावरतोय असं कोणाला वाटायला नको.

मी दारव्ह्याचा. कापूस आणि सोयाबीनचा व्यापार करतो. बाप हमाली करायचा. मीही पंधराव्या वर्षी पाठीवर पोतं घेतलं, मग सायकलवर खेड्यापाड्यांत फिरून थोडा थोडा कापूस घेऊ लागलो, आणि आज मार्केटात माझं दुकान आहे. कापूस मुठीत दाबला की त्यात ओल किती ते मला कळतं. गाडीत वर कोरडा आणि खाली ओला माल भरून आणणारे कितीतरी जण मी खांद्यापर्यंत हात घालून पकडले आहेत. भाव करताना माझा आवाज चढतो, हे मार्केटात सगळ्यांना माहीत आहे. स्वभाव एवढ्यासाठी सांगतो की पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

सुई घ्यायला गेलो तेव्हा

अकरा वर्षांपूर्वी पोतं ओढायचा आकडा माझ्या तळहाताला लागला. धनुर्वाताची सुई घ्यायला मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सहज म्हणून दंडाला पट्टा बांधला आणि बीपी पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

"भाऊ, बीपी बरंच वाढलंय. खर्रा खाता?"

सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून खर्रा करतात. आमच्याकडे तो चहाआधी लागतो. मी दिवसाला दहा-बारा खायचो.

"खातो," मी म्हणालो.

"तो सोडावा लागेल. मीठ कमी करा, तेल कमी करा, सकाळी अर्धा तास चालत जा. नाहीतर पुढे हृदयावर…"

त्यांचं वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही. बाहेर बाकावर गावातली माणसं बसली होती, दार उघडं होतं. माझ्या मालात सगळ्यांसमोर कोणीतरी खोट काढतंय असं मला वाटलं.

"डॉक्टर, मी सुई घ्यायले आलो. कीर्तन आयकाचं असन तर देवळात जाईन न."

बाहेरचे हसले. डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी गोळी लिहून दिली आणि पुढचा नंबर बोलावला.

त्या दिवसानंतर दर महिन्याला मी जायचो. पट्टा बांधायचे, आकडा लिहायचे, "गोळी चालू ठेवा" म्हणायचे. दोन मिनिटांत बाहेर. खर्ऱ्याबद्दल त्यांनी पुन्हा कधीही विचारलं नाही. मी जिंकलो, असं तेव्हा वाटायचं.

मीही त्यांना खेळवलं. तारीख जवळ आली की चार दिवस आधी खर्रा निम्म्यावर आणायचो, ठेचा-लोणचं बंद, मटण बंद. आकडा बरा यायचा. मार्केटात नमुना दाखवायला चांगलं पोतं पुढे करतात, तसा मी दर महिन्याला स्वतःचा नमुना घेऊन जायचो. तपासणी झाली की दवाखान्याच्या समोरच्याच टपरीवर पहिला खर्रा. डॉक्टरांच्या खिडकीतून ती टपरी सरळ दिसते.

एकच पेपर

शोभा दर वेळेस सोबत यायची. माझी पिशवी, माझी फाइल, माझ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं तिच्याच हातात. मी खुर्चीवर, ती दाराला टेकून उभी. निघता निघता एकदा ती म्हणाली, "डॉक्टर, माहं सकाळी डोकं लय दुखते जी."

कंपाउंडर म्हणाला, "काकूंचा वेगळा पेपर काढावा लागते."

"कायले?" मी म्हणालो. "एकाच घरचे आहो आमी. याच्याच मांगं लिहा."

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पेपर उलटा केला आणि मागच्या बाजूला दोन शब्द लिहून गोळी दिली. तेव्हापासून तीच पद्धत पडली. पुढच्या बाजूला मी, मागच्या बाजूला शोभा. वेगळ्या पेपरने माझं काही बुडणार नव्हतं. पण समोरच्याने मागितलेलं जसंच्या तसं द्यायचं नाही, ही माझी सवय होती.

पोतं छातीवर

सोयाबीनचा हंगाम होता. दुपारी दुकानात बसल्या बसल्या छातीवर कोणी भरलेलं पोतं ठेवल्यासारखं झालं. डावा हात जड, अंगाला घाम. दुकानातल्या पोरांनी ऑटोत टाकून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, जिभेखाली गोळी ठेवली, आणि बाकीचे नंबर सोडून स्वतः माझ्यासोबत ॲम्ब्युलन्समध्ये यवतमाळपर्यंत आले. हे मी नाकारत नाही. कोणाचं चांगलं असेल तर तेही लिहिलं पाहिजे.

यवतमाळहून नागपूर. तिथे हृदयाच्या नळीत जाळी बसवली. अतिदक्षता विभागात माणूस स्वतःचा राहत नाही. अंगाला तारा, डोक्याजवळ टिक टिक करणारं यंत्र, शेजारच्या पडद्यामागे कोणाचं तरी कण्हणं. एका सकाळी ते कण्हणं थांबलं आणि कोणीतरी पडदा पूर्ण ओढून घेतला. मी डोळे मिटून घेतले. त्या वेळी मला आठवलं की शोभाने दोन दिवस काही खाल्लं की नाही, हे मी विचारलेलंच नाही. भेटायची वेळ झाली तेव्हा ती आली, आणि मी तिला विचारलं, "दुकानाच्या चाव्या कुठं ठेवल्या?"

तिथे एक सिस्टर होती, वर्धेकडची, माझ्या पोरीएवढी. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "काका, दिवसाला खर्रे किती?"

"दोन."

ती माझ्या दातांकडे पाहत म्हणाली, "दोनानं दात असे होत नाहीत. खरं सांगा, मी काही घेऊन चालली नाही तुमचं."

"दहा," मी म्हणालो. "पण सकाळचा एक राहू द्या. बाकी सोडतो."

"इथं भाव होत नाही काका."

मला राग आला. मी तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली आणि पुन्हा विचारलं. तलफ कधी येते, किती वेळ राहते, काल किती वेळा आली. तिसऱ्या दिवशीही. मी चिडलो तरी तिचा आवाज चढला नाही आणि तिने विचारणंही सोडलं नाही. घरी जायच्या दिवशी माझ्या लक्षात आलं की तलफेचा हिशोब मी तिला आपण होऊन सांगू लागलो होतो. त्यानंतर आजपर्यंत मी खर्रा खाल्लेला नाही. तिने एवढंच केलं होतं, रोज विचारलं होतं.

आणखी एक गोष्ट. निघताना तिने शोभालाही विचारलं, "आणि काकू, तुम्ही? तुम्ही तंबाखू लावता का दातांना? तुमचं बीपी पाहिलं का कोणी?"

शोभाने तोंडावर पदर धरला. ती सकाळी दातांना तंबाखू लावायची. मी म्हणालो, "तिले काय होते. ते दगड आहे. गाडी बोलवा लवकर."

अकरा वर्षांत माझ्या बायकोला हा प्रश्न विचारणारं एकच माणूस भेटलं, आणि त्याचं तोंड मी बंद केलं.

दोन गंज

नागपूरहून मिळालेला आहाराचा कागद शोभाने स्वयंपाकघरात कपाटावर चिकटवला. चार दिवसांत तो तिला पाठ झाला. माझ्यासाठी वेगळा गंज, म्हणजे वेगळं पातेलं, त्यात कमी मिठाची, थेंबभर तेलाची भाजी. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी आणि दुकानातल्या माणसांसाठी दुसरा गंज, जुन्या चवीचा, वर तर्री आलेला. सगळ्यांचं झालं की ती दुसऱ्या गंजातलं उरलेलं घेऊन बसायची. अन्न फेकलेलं मला चालत नाही, हे ती लग्नापासून ऐकत आली होती. माझ्यासाठी जे जे विष म्हणून त्या कागदावर लिहिलं होतं, ते ते ती रोज पुसून खात होती, माझ्यासमोर. मी माझ्या ताटाकडे पाहत होतो.

मी सकाळी चालायला जाऊ लागलो. एकदा ती दारात येऊन म्हणाली, "मीबी येऊ का तुमच्यासंग?"

"तू दिवसभर घरात चालतेच न."

"हाव, तेबी खरं आहे," ती म्हणाली आणि आत गेली.

कळंबच्या पायऱ्या

मी बरा झालो म्हणून तिने कळंबच्या चिंतामणीला नारळ बोलला होता. माझ्या आजाराला पाच महिने झाले होते, उन्हं तापू लागली होती. जायच्या दोन दिवस आधी माझी तपासणी होती. डॉक्टरांनी आकडा पाहिला, खूश झाले. शोभा दारातूनच म्हणाली, "डॉक्टर, माह्या पाठीत भरून येते जी. अन् जिना चढला का दम लागते."

बाहेर बाक भरला होता. डॉक्टरांनी पेपर उलटा केला. "पित्त असेल. उपास फार करता का काकू?"

"माह्यासाठी सोमवार धरला तिनं," मी म्हणालो आणि चप्पल पायात घातली. "चाल व, लोकं थांबून राह्यले."

कळंबचं देऊळ जमिनीच्या पोटात आहे. पायऱ्या उतरून दर्शनाला जायचं आणि त्याच पायऱ्या चढून वर यायचं. उतरताना ती बरी होती. नारळ फोडला, माझ्या नावाने हात जोडले. चढताना मी पुढे होतो. जाळी बसलेला माणूस मी, सरसर चढून वर गेलो आणि मागे पाहिलं, तर ती अर्ध्यात बसलेली.

"तुमी चला वरतं. मी येते मांगून."

"काय झालं?"

"काही नाही. पायऱ्या वाढवल्या वाटते यायनं."

हसली आणि हातातला प्रसाद पायरीवर ठेवला. तो सांडू नये म्हणून नीट ठेवला. मग भिंतीला डोकं टेकलं. तिच्या अंगाला हात लावला तर पातळ भिजलेलं होतं. मला तो घाम ओळखता आला. माझ्याच अंगावर आला होता तो.

"यांचा पेपर कुठाय?"

यवतमाळच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. म्हणाले, झटका आजचा नाही, दोन-तीन दिवस झाले असावेत. मग माझ्याकडे हात केला, "यांचे आधीचे पेपर?"

पिशवीत फाइल होतीच, शोभानेच घेतलेली. मी ती पुढे केली.

"हे तुमचं आहे. यांचं?"

मी पिशवी पुन्हा चाचपली.

"बीपी शेवटचं कधी तपासलं होतं यांचं?"

नाकाला ऑक्सिजन लावलेला असताना शोभाच बोलली. "प्रीतीच्या वेळेस."

"प्रीती कोण?"

"पोरगी," मी म्हणालो. प्रीती तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. सासरी होती, निरोप मिळताच निघाली होती. डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. मला उलटून बोलता आलं असतं.

नंतर मी त्यांना गाठलं. नागपूरला नेतो, हैदराबादला नेतो, शेत विकतो, तुम्ही फक्त सांगा म्हणालो. ते म्हणाले, "काका, हृदयाचा जो भाग गेला तो परत येत नाही. उरलेला सांभाळायचा." मी आणखी बोलत राहिलो. ते ऐकत राहिले आणि पुन्हा तेच वाक्य म्हणाले, त्याच आवाजात. ज्याच्याशी भाव करावा असं तिथे कोणीच नव्हतं.

दहा महिने

शोभा त्यानंतर दहा महिने जगली. मी दुकान दुपारपुरतं ठेवलं. पहिल्यांदा चहा केला तेव्हा साखर कुठे आहे ते मला माहीत नव्हतं. ती खाटेवरून सांगायची, "वरच्या फळीवर. डावीकडं. आता डावीकडं म्हणजे कुठं तेबी सांगू काय?" घरात आता एकच गंज चढायचा. माझ्या हातची भाजी खाऊन ती म्हणायची, "मीठ कमी टाका म्हणते कागद. टाकूच नोका नाही म्हणत." शेजारच्या बायकांना सांगायची, "आमच्या घरी मी आता मालक आहो, हे बाई झाले."

तिने दातांची तंबाखू सोडली. मी रोज विचारायचो, सिस्टरसारखं. चिडली तरी विचारायचो. संध्याकाळी आम्ही गल्लीच्या टोकाच्या लिंबाच्या झाडापर्यंत चालायचो. पुढे पुढे अर्ध्यापर्यंतच. मग दारापर्यंत. एकदा दारात उभं राहून तिने त्या झाडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "पयले विचारलं असतं तर मी यवतमाळच्या रोडनं आली असती तुमच्यासंग."

मी विचारलं नव्हतं. तिनेच विचारलं होतं. पण ते मी तिला म्हणालो नाही, कारण ते तिला आठवत होतं.

तुरीच्या ओल्या शेंगा आल्या होत्या. सकाळी उन्हात बसून ती सोलत होती. अर्ध्या शेंगा सोलून झाल्या होत्या. मी आत पाणी आणायला गेलो आणि बाहेर आलो.

मागची बाजू

तेरवी झाल्यावर प्रीती माझ्या गोळ्यांची चिठ्ठी शोधायला फाइल घेऊन बसली. अकरा वर्षांचे माझे पेपर. एक उलटा झाला, मग दुसरा. थोड्या वेळाने तिने सगळे उलटे करून सतरंजीवर ओळीने मांडले.

सौ. डोकेदुखी. सौ. चक्कर. सौ. थकवा, टॉनिक. सौ. मानदुखी, मलम. सौ. धाप. सौ. पित्त. सौ. पित्त. सौ. पाठीत भरून येणे, पित्त.

एकाही ठिकाणी बीपीचा आकडा नव्हता. पेपरच्या पुढच्या बाजूला माझा आकडा, तारखेसह, दर महिन्याचा. तो पट्टा माझ्या दंडावरून निघायचा तेव्हा ती हातभर अंतरावर उभी असायची.

"बाबा," प्रीती म्हणाली, "आईचं नावबी नाही लिहिलं."

ते सगळे पेपर घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. नंबर लावला, बाकावर बसलो. आत गेल्यावर पेपर उलटे करून टेबलावर ठेवले. त्यांनी वाचले. बराच वेळ वाचले.

"भाऊ, एकाच पेपरवर लिहा, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणलो होतो. मी सगळ्याइलेच म्हणतो. तुमी काहून आयकलं?"

"आणि पहिल्याच दिवशी मी सांगितलं, तर तुम्ही सगळ्यांसमोर माझा अपमान केलात. मग मी बोलणं सोडलं. दिवसाला शंभर माणसं असतात. प्रत्येकाला खर्रा सोडा म्हणत बसलो, तर ते दुसऱ्या दवाखान्यात जातात."

ते खरं बोलत होते. म्हणूनच मी ओरडलो नाही. पण जे म्हणालो तेच इथे पुन्हा लिहितो. माझ्या दुकानात रोज लोक माझ्यावर ओरडतात. म्हणून मी भाव सांगणं सोडलं नाही. मी भाव पाडणारा माणूस आहे, माझा धंदाच तो आहे. तुमचं काम तुमचा भाव धरून ठेवायचं होतं. एका ओरडण्यात तुम्ही अकरा वर्षांसाठी गप्प बसलात. नागपूरची ती पोरगी माझ्यावर चिडली नाही, घाबरलीही नाही, रोज विचारत राहिली, आणि तिच्या मानाने तुम्हाला किती महिने मिळाले होते.

बाहेरच्या बाकावर एक माणूस आणि त्याची बायको बसली होती. फाइल तिच्या मांडीवर होती. निघताना मी तिला म्हणालो, "बाई, तू आपला पेपर वेगळा काढ. अन् पट्टा बांधून घेतल्याशिवाय उठू नोको." तिचा नवरा माझ्याकडे रागाने पाहत राहिला. मी त्याला ओळखलं. तो मीच होतो.

हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. दवाखान्यात तुमच्यासोबत कोण येतं ते पाहा, आणि तिचा हात आधी पुढे करा. डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्ही विचारा, आणि त्यांनी विचारलं तर माझ्यासारखं तोंड वाजवू नका.

माझ्या वाट्याचं उत्तर मी वर लिहून दिलं आहे. काही लपवलं नाही. आता डॉक्टर, तुमचं राहिलं. ते सगळे पेपर मी तुमच्याच टेबलावर सोडून आलो आहे. मागच्या बाजूला अजून जागा आहे. पट्टा तुमच्या हातात होता, माझी बायको दारात उभी होती, आणि पाठीत भरून येतं असं ती तुम्हाला सांगत होती. तरी अकरा वर्षांत तो पट्टा तिच्या दंडाला एकदाही का बांधला नाही, ते त्या जागेत लिहा. तिच्या पूर्ण नावासह लिहा. शोभा असं नाव होतं तिचं.